भट्टी लालबुंद, मीटर मात्र मागेच: थर्मोकपलचं रीडिंग परत परत चुकत असेल तर

घरी बांधलेल्या भट्टीचं टेंपरेचर मीटरवर चुकीचं येतंय, ही तक्रार बेळगाव भागात आता सारखी ऐकायला मिळते. खानापूरकडं मातीचं काम करणारे छोटी इलेक्ट्रिक भट्टी स्वतःच बांधून घेतात, उद्यमबाग नाहीतर मच्छेला फाउंड्रीत कामाला असणारी पोरं परसात अ‍ॅल्युमिनियम वितळवायची बारकी भट्टी करतात, आणि निपाणी-चिकोडीकडं कुणी विटामातीचा पावाचा ओव्हन घालतं. कामं तीन तऱ्हेची पण दुखणं एकच, नवीन सेन्सर घातला की थोडे दिवस ठीक चालतं आणि मग मीटर परत पन्नास-शंभर डिग्री मागं पडायला लागतं, की आणा परत सेन्सर, घाला परत पैसे.

माझं म्हणणं एवढंच की सेन्सर बदलायच्या आधी सेन्सरच्या टोकापासून मीटरपर्यंतची वाट तपासा. बहुतेक वेळा दोष त्या वाटेतच असतो, टोकात नसतो. काही वेळा खरंच सेन्सर गेलेला असतो, ते कसं ओळखायचं तेपण खाली सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. थर्मोकपल म्हणजे आपला हा सेन्सर, दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडून केलेला; तारांच्या धातूंवरनं त्याचे के, जे, एन असे टाइप पडतात. तो भट्टीतलं टेंपरेचर एकट्यानं मोजत नाही. ते भट्टीतलं टोक आणि मीटरच्या टर्मिनलवरचं टोक या दोन जागांच्या टेंपरेचरमधला फरक मोजतं. आपण सगळे वापरतो त्या के टाइपमध्ये एका डिग्रीला साधारण ०.०४१ मिलिव्होल्ट एवढंच व्होल्टेज तयार होतं, म्हणजे अगदीच किरकोळ. मग मीटर स्वतःच्या टर्मिनलपाशी किती गरम आहे ते बघतो, तेवढं त्यात मिळवतो आणि आकडा दाखवतो. आता या वाटेत कुठंही चुकीची वायर आली, उलटी जोडली गेली, नाहीतर टर्मिनल तापलं की आकडा बिघडलाच, सेन्सर कितीही भारीतला असू दे.

सगळ्यात पहिलं मीटरचं सेटिंग बघा, दोन मिनिटांचं काम आहे. खानापूरहून एका काकांचा फोन आला होता, "भट्टी आतनं नारिंगी झालीया, मीटर अजून सहाशेसत्तरच दाखवूलालंय." नारिंगी म्हणजे नऊशेच्या आसपास आलं, सहाशेसत्तरला भट्टी मळकट लाल दिसते, नारिंगी कधीच दिसत नाही. त्यांच्या कंट्रोलरवर (म्हणजे टेंपरेचर दाखवून भट्टी चालू-बंद करणाऱ्या मीटरवर) इनपुट जे टाइपवर होता आणि सेन्सर के टाइपचा. के टाइप ९०० डिग्रीला जवळपास ३७.३ मिलिव्होल्ट देतो, आणि जे टाइपच्या टेबलात ३७.३ मिलिव्होल्ट म्हणजे बरोबर ६७० डिग्री, म्हणजे मीटर त्याच्या परीनं अगदी खरंच सांगत होता. कंट्रोलर रीसेट झाला किंवा कुणी बटणं दाबत बसलं की हे सेटिंग बदलू शकतं, म्हणून दर वेळी पहिल्यांदा हेच बघा. भट्टीचा रंग आणि मीटर यांच्यात दोनशे डिग्रीचा फरक असेल तर बाकी काही खोलायच्या आधी इनपुट टाइप बघायचा.

सेटिंग बरोबर असूनपण चाळीस, पन्नास, साठ डिग्री कमी येत असेल तर मग वायर बघा. यातच सगळ्यात जास्त लोक अडकतात आणि हेच परत परत उपटतं. होतं काय, सेन्सरबरोबर आलेली वायर आखूड पडते, भट्टी शेडमध्ये आणि मीटर भिंतीवर, मग घरात पडलेली साधी तांब्याची वायर जोडून लांबी वाढवली जाते. थंड भट्टीला सगळं बरोबर दिसतं कारण सगळीकडं टेंपरेचर सारखंच असतं. भट्टी तापत जाते तसा बाहेरचा पत्रापण तापतो, त्याच्यावर बसवलेलं सेन्सरचं हेड म्हणजे ती गोल डबी ऐंशी डिग्रीला जाते, आणि मीटर भिंतीवर तीस डिग्रीला. तांब्याची वायर या पन्नास डिग्रीचा हिशोब मीटरपर्यंत पोचवतच नाही, मग मीटर पन्नासनं कमी दाखवतो. सकाळी परत बघितलं तर रीडिंग एकदम बरोबर, आणि माणूस म्हणतो सेन्सरच कधी चालतो कधी चालत नाही. नवीन सेन्सर आणला की जोडताना वायर नवीन आणि आखूड असते म्हणून चालतं, पुढं कधीतरी मीटर लांब न्यायचा म्हणून परत तीच तांब्याची वायर जोडली जाते.

हे पकडायची सोपी युक्ती. भट्टी थंड ठेवा, कॉइलचा मेन स्विच बंद करा, फक्त मीटर चालू ठेवा. आता केस वाळवायचा ड्रायर घेऊन हेडची डबी कोमट करा. वायर बरोबर असेल तर मीटर जवळपास हलत नाही. तांब्याची असेल तर डबी तापेल तसं रीडिंग खाली जायला लागतं, खोलीच्या टेंपरेचरच्यापण खाली. डोळ्यासमोर आकडा उतरताना दिसला की मग शंका राहत नाही. उपाय एकच, के टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल (सेन्सरच्या तारांसारखंच व्होल्टेज देणाऱ्या तारांची) लावायची, सेन्सरपासून थेट मीटरच्या स्क्रूपर्यंत, मधे साधी कनेक्टर पट्टीपण नको, जोड द्यायचाच झाला तर के टाइपचा कनेक्टर मिळतो तो वापरा. उद्यमबागेत इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात ही केबल लांबीवर मोजून मिळते, नुसती 'थर्मोकपलची वायर' म्हणून मागू नका, के टाइप म्हणून मागा. अजून एक, यातली स्वस्तातली केबल तांबं आणि कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) असते आणि ती शंभर डिग्रीपर्यंतच बरोबर चालते, म्हणून हेड पत्र्याला चिकटून ठेवू नका, चार बोटं बाहेर काढा.

ड्रायरच्या टेस्टमध्ये रीडिंग फारच वेगानं खाली गेलं, म्हणजे डबी दहा डिग्री तापली आणि मीटर वीस उतरला, तर वायर बरोबर आहे पण दोन्ही टोकांना उलटी जोडलीय. हा प्रकार लय फसवा आहे. एकाच टोकाला उलटी असती तर भट्टी तापताना आकडा उलटा खाली गेला असता आणि लगेच कळलं असतं. दोन्हीकडं उलटी झाली की आकडा वरच जातो, सगळं नीट वाटतं, फक्त हेड आणि मीटरच्या फरकाच्या दुप्पट कमी दाखवतो. वरच्याच उदाहरणात पन्नासच्या जागी शंभर डिग्री. मातीच्या भांड्याला शंभर डिग्री म्हणजे कच्चं आणि जळकं यातला फरक झाला.

उलटी लागायचं कारण म्हणजे रंग. युरोपच्या पद्धतीच्या केबलमध्ये के टाइपची हिरवी वायर प्लस आणि पांढरी मायनस, अमेरिकन पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस. आपल्याकडं इलेक्ट्रिशियनच्या हाताला लाल म्हणजे प्लस हीच सवय, मग तो लाल वायर डोळे झाकून प्लसला लावतो, त्यात त्याचा काय दोष. ऑनलाइन येणाऱ्या स्वस्त सेन्सरला लाल-निळी वायर असते ती आणि तिसरीच भानगड. म्हणून रंगावर जाऊ नका, लोहचुंबक घ्या. के टाइपची मायनसची तार लोहचुंबकाला ओढली जाते, प्लसची नाही. स्पीकरमधला जुना चुंबक चालतो, तार बारीक असेल तर ती दोऱ्यासारखी मोकळी लोंबती धरा आणि चुंबक जवळ न्या, लगेच हलते. तांबं-कॉन्स्टंटनच्या केबलला मात्र ही टेस्ट चालत नाही, तिथं केबलच्या लांबच्या टोकाच्या दोन तारा एकमेकींना पिळा, लायटरनं नुसतं कोमट करा आणि मीटर बघा, आकडा वर गेला तर मीटरकडची बाजू बरोबर.

आता सेन्सर भट्टीत कुठं आणि किती खोल आहे ते बघू. आपल्याकडं भट्टीची भिंत साधारण अर्ध्या विटेची, म्हणजे ११५ मिलिमीटर, त्याच्या मागं उष्णता अडवणारं एक इंच सिरॅमिकचं ब्लँकेट, मग पत्रा. सहा इंची सेन्सर घातला तर आत किती उरला? जवळपास दहा मिलिमीटर. एवढ्यानं सेन्सर भट्टीचं टेंपरेचर दाखवतच नाही, विटेचं दाखवतो, कारण नळीतनं उष्णता बाहेरच्या बाजूला पळत राहते. जाडीच्या दहापट लांबी तरी मोकळ्या गरम जागेत पाहिजे, सहा मिलिमीटरची नळी असेल तर साठ मिलिमीटर. सेन्सर बाहेर काढून त्याच भोकातनं अगरबत्तीची काडी घाला आणि विटेच्या आतल्या कडेपर्यंत खूण करा, मग ती काडी सेन्सरला लावून बघा म्हणजे कळतं. भोक मोठं असेल तर गार हवा आत ओढली जाते, सिरॅमिक वूल सैलसर भरा, दाबून ठासू नका. आणि टोक कॉइलच्या अगदी समोर नको. उघडी लाल कॉइल समोर असली की सेन्सर तिची धग खातो आणि जास्त दाखवतो, मग कंट्रोलर लवकर बंद करतो आणि माल कच्चा राहतो.

आता सेन्सर खरंच खराब होतो तो प्रकार. कोळशाच्या नाहीतर गॅसच्या भट्टीवाल्यांनी हे नीट वाचा, आणि काळी भांडी करायला भट्टीत धूर कोंडणाऱ्यांनीपण. के टाइपच्या प्लसच्या तारेत निकेल आणि क्रोमियम असतं. भट्टीत ऑक्सिजन भरपूर असला तर तारेवर चांगली साय धरते आणि तार टिकते. पण ऑक्सिजन कमी पडला, आणि टेंपरेचर साधारण ८०० ते १०५० च्या पट्ट्यात असलं, की नुसतं क्रोमियमच खाल्लं जातं. तार हिरवट होते, ठिसूळ होते, आणि व्होल्टेज कमी द्यायला लागते. बारीक बंद नळीतपण हेच होतं कारण आतली थोडीशी हवा लगेच संपते. रीडिंग एकदम जात नाही, हळूहळू खाली सरकतं, या भट्टीला थोडं, पुढच्या भट्टीला अजून थोडं. आणि धोका असा की मीटर कमी दाखवतोय म्हणून कंट्रोलर जास्त करंट देत राहतो, भट्टी खरी ९५० ला आणि तुम्ही समजताय ९००, कॉइलचं आयुष्य जातं, भांडी वाकडी होतात, झिलई ओघळून शेल्फला चिकटते.

ओळखायचं परत चुंबकानंच. प्लसची तार चुंबकाला ओढली जायला नको, क्रोमियम गेलेली तार ओढली जाते. सेन्सर उघडून भट्टीत असणाऱ्या भागाला चुंबक लावून बघा, प्लसची तार तिथं चिकटत असेल तर तो सेन्सर फेकूनच द्या, मीटरमध्ये ऑफसेट टाकून (आकड्यात ठरावीक डिग्री मिळवून) चालवू नका, तो रोज बदलतच राहणार. नवीन घेताना जाड तारेचा आणि रुंद नळीचा घ्या, नाहीतर एन टाइप घ्या, त्याला हा त्रास फार कमी, पण मग मीटरचं सेटिंग आणि केबल दोन्ही एन टाइपचीच पाहिजे. तारेच्या जाडीनं किती फरक पडतो बघा, नळीतल्या के टाइपला कायम वापरासाठी ०.८ मिलिमीटर तारेला साधारण ९८० डिग्रीची मर्यादा धरतात, १.६ ला १०९० आणि सव्वातीन मिलिमीटरला १२६०. आणि बाजारातला बारीक स्टीलच्या वेणीचा सेन्सर, ज्याची वायर फायबरग्लासची असते, तो ओव्हनला ठीक आहे, भट्टीला नाही.

यातच अजून एक गोष्ट, जुना सेन्सर थोडा बाहेर ओढून किंवा आत ढकलून बसवू नका. खराब झालेला तारेचा तुकडा भिंतीत जिथं टेंपरेचर गरमावरनं गारावर उतरतं त्या जागी आला की चूक वेगळीच होते, म्हणून काल बरोबर होता आज ऐंशीनं चुकला असं होतं.

आकडा उड्या मारत असेल तर ते दुखणं वेगळं. भट्टी चालू असताना मीटर बघत राहा आणि कॉइलचा स्विच बंद करा. बंद केल्याच्या क्षणी आकडा वीस-तीसनं हलला तर ती उष्णता नाही, वीज आहे, कारण विटांचा एवढा मोठा गोळा एका सेकंदात गार होत नाही. तापलेली वीट आणि सिरॅमिक थोडी थोडी वीज वाहून नेतात, कॉइलचा करंट तिथनं सेन्सरमध्ये झिरपतो. हे नुसतं रीडिंगचं नाही, जिवाचं काम आहे. सेन्सरची नळी, भट्टीचा पत्रा, दोन्हींना पक्कं अर्थिंग करा, आणि दार उघडताना कॉइलचा पुरवठा पूर्ण तुटेल असा स्विच दाराला बसवा, कारण एसएसआर (कंट्रोलर ज्यानं कॉइल चालू-बंद करतो तो इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद असतानापण कॉइलला एका बाजूनं फेज असू शकते. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडं शेडची जमीनसुद्धा ओली असते, तिथं अर्थिंगवर पैसे वाचवू नका.

आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) थर्मोकपल वाचणारं मॉड्यूल लावून मीटर करणाऱ्या पोरांनी हेपण बघा. मॅक्स ६६७५ हा चिप १०२४ डिग्रीच्या वर जातच नाही, त्यामुळं बाराशेच्या भट्टीला तो कामाचा नाही, कितीही कोड बदला. मॅक्स ३१८५५ वर जातो, पण त्याला ज्याचं टोक आत नळीला वेल्ड केलेलं आहे असा ग्राउंडेड सेन्सर चालत नाही, तो लगेच फॉल्ट देतो नाहीतर वाट्टेल ते दाखवतो, अनग्राउंडेडच घ्या. टी प्लस आणि टी मायनसच्या मधे १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकला की बराचसा गोंधळ शांत होतो. सेन्सरची वायर आणि कॉइलची वायर एकाच पाइपमधनं नेऊ नका. आणि मॉड्यूल भट्टीच्या पत्र्यावर चिकटवू नका, ते स्वतःच्या टेंपरेचरवरनं हिशोब करतं, तेच तापलं तर हिशोब कसला.

सगळं तपासलं, आता आकडा खरा आहे का हे कशावर ताडून बघायचं? बर्फ बारीक कुटून थोड्या पाण्यात कालवा, सेन्सर बुडवून ढवळत राहा, शून्य यायला पाहिजे. मग उकळतं पाणी. इथं बेळगावकरांनी लक्ष द्या, आपण समुद्रसपाटीपासून जवळपास साडेसातशे मीटर वर आहोत, आपल्याकडं पाणी १०० ला नाही, साधारण ९७.५ ला उकळतं. मीटर ९७ दाखवतोय म्हणून ऑफसेट वाढवून ठेवला तर चांगला मीटर बिघडवल्यासारखं होतं.

वरच्या टेंपरेचरला धातू आणि मीठ. वीजवाहक म्हणून वापरतात ती अ‍ॅल्युमिनियमची तार जवळपास शुद्ध असते, ती ६६० ला वितळते. तिचा छोटा तुकडा कमानीसारखा वाकवून सेन्सरजवळ सिरॅमिकच्या तुकड्यावर ठेवा, सहाशेनंतर अगदी हळू चढवा आणि भोकातनं बघत राहा, वर साय धरते त्यामुळं थेंब पडेलच असं नाही, कमान बसते तेवढं बघायचं. खायचं मीठ ८०१ ला वितळतं, चिमूटभर छोट्या वाटीत ठेवा, दाणे मोडून काचेसारखं पाणी झालं की आकडा बघा आणि तिथंच थांबा, जास्त वर नेऊ नका, मिठाची वाफ कॉइल खाते. दोन्ही वेळा गडद चष्मा पाहिजे.

मुशीतल्या वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये सेन्सर बुडवणार असाल तर उघडी स्टीलची नळी नको, अ‍ॅल्युमिनियम ती विरघळवतं, सिरॅमिकची नळी घाला, आणि आधी मुशीच्या वर धरून पूर्ण तापवून कोरडी करा. दमट नळी रसात गेली की वाफेनं रस अंगावर उडतो, याच्यात घाई अजिबात नको. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम गार होताना ६६० ला आकडा थोडा वेळ थांबतो. पिस्टन नाहीतर अलॉय व्हीलचा भंगार असेल तर त्याची वाट बघू नका, तो मिश्रधातू आहे, त्याच्या खालीच कुठंतरी पसरट गोठतो.

मल्टिमीटर असेल तर मीटरला बाजूला ठेवूनपण खात्री करता येते. सेन्सरची वायर मीटरपासून सोडवून मल्टिमीटरला लावा, समजा ३६.१ मिलिव्होल्ट आले आणि तिथली हवा ३० डिग्री आहे. ३० डिग्रीचे १.२ मिलिव्होल्ट मिळवा, ३७.३ झाले, के टाइपच्या टेबलात ते ९००. डिग्रीत डिग्री मिळवायची नाही, मिलिव्होल्टमध्येच बेरीज करायची. हे ९०० आलं आणि मीटर ८४० दाखवत असला तर मग मीटरकडं वळा.

मातीवाल्यांना मात्र माझा आग्रह आहे की पायरोमेट्रिक कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा सुळका, ठेवाच. खानापुरात तर कुंभारकाम शिकवणारी खादी आयोगाची संस्थाच आहे, तिथल्या भागातल्या लोकांना कोन नवीन नाही. ०६ नंबरचा कोन साधारण १००० ला वाकतो, ०४ नंबरचा १०६० च्या आसपास, पण भट्टी किती वेगानं चढवली त्यावर ते मागंपुढं होतं, आणि तेच त्याचं महत्त्व आहे. मातीला नुसतं टेंपरेचर लागत नाही, त्या टेंपरेचरला किती वेळ बसली तेपण लागतं, सेन्सर क्षणाचं सांगतो आणि कोन दोन्ही मिळून सांगतो. कोन सेन्सरजवळ एक आणि सगळ्यात खालच्या थरात एक ठेवला की वरखाली किती फरक आहे तेपण कळतं.

पावाच्या ओव्हनवाल्यांचं थोडं वेगळं. तुम्हाला आतल्या हवेपेक्षा फरशी किती तापली ते जास्त लागतं. सेन्सर घुमटात वर लावला आणि पाव खालनं करपले तर सेन्सर खोटा नाही, जागा चुकीची आहे. एक सेन्सर फरशीच्या विटेत खालून भोक पाडून वरच्या पृष्ठभागाच्या एक सेंटिमीटर खाली बसवा, दुसरा घुमटात. इन्फ्रारेड गननं बघायचं तर जाळ एका बाजूला ओढल्यावर, ज्वाळा आणि धूर मधे नसताना, आणि चकचकीत ट्रेवर नाही, विटेवरच धरा, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती फारच कमी दाखवते. पाठीवर १२:१ लिहिलेली गन बारा इंचांवरनं एक इंचाचा गोल बघते, दारातनं तीन फुटांवर धरलीत तर तीन इंचांचा सरासरी आकडा येतो, त्यात राखपण आली आणि निखारापण आला.